खैरुन फुफूचा पट

माझ्या आत्याला दोन नावं होती. मशिदीत ती खैरुन, आणि ज्या गावांतून आमचे पट फिरायचे तिथं खिरोदा. चित्रांचे पट काढून गाणाऱ्या आमच्या पटुआ लोकांत सगळ्यांचंच असं असतं. आम्ही नमाज पढतो आणि सापांच्या मनसादेवीचे, रामाचे, सत्यपीराचे पट रंगवतो. दारोदार ते उलगडायचे, एकेका चौकटीवर बोट ठेवून गायचं आणि पदरात पडतील ते तांदूळ घेऊन पुढं जायचं. मौलवी म्हणतात तुम्ही अर्धे हिंदू, भटजी म्हणतात तुम्ही अर्धे मुसलमान. फुफू म्हणायची, "दोघांनी अर्धं अर्धं वाटून घेतलं, पण जेवायला एकानंही बोलावलं नाही." आत्याला आम्ही फुफू म्हणतो.

तिचा बाप, म्हणजे माझा आजा गुणधर, बंगालातल्या काँसाई नदीच्या दोन्ही काठांवर नावाजलेला पटुआ होता. घरातल्या बायकांचं काम रंग करायचं. वालाच्या पानांचा हिरवा, हळदीचा पिवळा, गोकर्णीचा निळा, दिव्याच्या काजळीचा काळा. कच्च्या बेलाचा चीक घालून करवंट्यांत घोटायचे. पोरींनी फार तर आखलेल्या रेघेच्या आत रंग भरावा. रेघ मात्र पुरुषानं ओढायची. बाईनं देवाचा डोळा आखला तर घराला अवकळा येते, असं म्हणत.

खैरुन चौदा वर्षांची असताना आज्याचा उजवा हात थरथरायला लागला. महिनाभर त्यानं ते लपवलं. एक दिवस ती रंगाची करवंटी घेऊन गेली, तर तो कोऱ्या पटासमोर हात मांडीखाली दाबून बसला होता.

"बा, काय झालं?"

"काही नाही. दार लाव."

तिनं दार लावलं. त्यानं कुंचला तिच्यापुढं धरला.

"बेहुलेची होडी काढ. साप चावलेल्या नवऱ्याचं मढं मांडीवर घेऊन निघालीय ती, त्याचा जीव परत मागायला. पाण्यापासून सुरुवात कर, पाणी चुकलं तरी कळत नाही."

ती मला म्हणायची, "टुनी, मी पाणी काढलंच नाही. आधी बेहुलेचा डोळा काढला. म्हटलं, अवकळा यायचीच असेल तर लगेच येऊ दे."

आज्यानं बराच वेळ तो डोळा पाहिला. मग म्हणाला, "कुणाला सांगू नकोस."

तिनं सांगितलं नाही. सहा वर्षं गुणधर पटुआचे पट तिच्या हातचे होते आणि लोक म्हणत, म्हाताऱ्याचा हात उतारवयात आणखी सुधारला.

ही गोष्ट आज्यानं एकाच माणसाला सांगितली, त्याच्या होणाऱ्या जावयाला. सोनाकुलीचा नटवर. त्याचा गळा असा होता की भांडणारे जावा-दीर भांडण थांबवून ओट्यावर येऊन बसत. पण रेघ म्हणाल तर गोम चालल्यासारखी. आज्यानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगी काळी आहे, हुंडा नाही. पण तुला जन्मभर पटाची ददात पडणार नाही." नटवर काय ते समजला.

तसं बघितलं तर त्यांचा संसार वाईट नव्हता. ती आत बसून काढायची, तो बाहेर जाऊन गायचा. त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नाही. नवा पट झाला की तो पहिल्यांदा तिच्यासमोर गाऊन दाखवायचा. ती म्हणायची, "या चौकटीला घाई करू नका, इथं बायका रडतील," आणि तिथं बायका खरंच रडायच्या. मदन झाला, मग तीन वर्षांनी आलता झाली. पायाला लावायचा लाल रंग तो आलता. पोरगी जन्मली तेव्हा तळवे तसे लालभडक होते, म्हणून ते नाव.

मदन रांगत होता त्या थंडीत कलकत्त्याहून एक बाबू आले. जुने-नवे पट गोळा करत गावोगाव हिंडत होते. अंगणात खाट टाकली, नटवरनं पाच पट उलगडले. बाबू बघत राहिले. बेहुलेच्या पटावर झुकून म्हणाले, "हे कुणी काढलं?"

फुफू दाराच्या आड उभी होती. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे.

"मीच, बाबू," नटवर म्हणाला.

बाबूंनी वहीत नाव लिहून घेतलं, पट घेतले आणि गेले. नटवर आत आला तेव्हा ती करवंट्या धूत होती.

"काय गं, बोलत का नाहीस?"

"काय बोलू?"

"तुला बाहेर उभी केली असती तर म्हणाले असते, बाईनं काढलाय, अशुभ आहे. घेतला असता का?"

"नसता घेतला."

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही नुसतं 'घरचं आहे' म्हणाला असता तरी चाललं असतं."

पोराला उचलून तो बाहेर गेला. फुफू हे सांगताना त्याची बाजू घ्यायची, "तोही काय करील बिचारा," असं म्हणायची. पण सांगायची मात्र प्रत्येक वेळी.

मग ते आश्विनातलं वादळ आलं. समुद्र गावांत शिरला, गुरं झाडांवर अडकून मेली, शेतं खारी झाली. सोनाकुलीतल्या त्यांच्या घराचं छप्पर गेलं, पेटीतले बहुतेक पट चिखल झाले. आणि पुढच्या वर्षी दुष्काळ. बंगाली साल तेराशे पन्नास, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे त्रेचाळीस. आमच्याकडं अजूनही नुसतं 'पन्नास' म्हटलं की म्हातारी माणसं गप्प होतात. तांदूळ बाजारातून नाहीसाच झाला. ज्यांनी आम्हाला आयुष्यभर मूठमूठ घातली त्याच बायका रस्त्यावर आल्या. भीक मागणारे भात मागत नव्हते. पेज मागत होते, भाताचं पाणी. "पेज घाला गं आई," एवढंच दिवसभर ऐकू यायचं.

आषाढात नटवर वाचलेले चार पट खांद्यावर टाकून कलकत्त्याला निघाला. "तिथं बाबू आहेत. पंधरा दिवसांत येतो." एक पट मात्र फुफूनं ठेवून घेतला, मनसादेवीचा. वादळानंतर तिनं तो नव्यानं काढला होता. पंधरा दिवस गेले, महिना गेला. तो आला नाही.

श्रावणात ती दोन पोरांना घेऊन माहेरी आली. आजा वारला होता. घर आता माझ्या बापाचं, भूषणचं. बाप रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलेला, आठ दिवसांतून एकदा यायचा. घरात माझी आई जोहरा आणि आम्ही तीन भावंडं. मी थोरली, नऊ वर्षांची.

हे पुढचं मी चाळीस वर्षं कुणाला बोलले नव्हते.

दुपार होती. आईनं कुडाच्या फटीतून त्यांना पायवाटेनं येताना पाहिलं. तिनं आम्हाला आत ओढलं आणि दाराला आडणा घातला. टोपल्यात तळाशी थोडे मुरमुरे होते. त्यातले तिनं आमच्या तिघांच्या तोंडांत कोंबले आणि खूण केली, गप्प. मी कुडाच्या फटीला डोळा लावून बसले.

फुफू दाराशी येऊन उभी राहिली. मदन तिच्या हाताला, आलता कडेवर.

"वहिनी, अगं जोहरा वहिनी. मला नको काही. पोरांना पेज घाल."

आई हलली नाही.

"मी इथं राहायला नाही आले. या दोघांना दोन दिवस ठेव. मी मागून आणते, कुठूनही."

आईनं डोळे मिटून घेतले होते. फुफू थोडा वेळ उभी राहिली, मग पोरीला दुसऱ्या कडेवर घेऊन वळली. मी तोंडातले मुरमुरे चावत होते. भीती वाटत होती, पण चावायचं थांबता येत नव्हतं.

सरकारी खिचडी तमलुकला मिळते असं कुणी सांगितलं म्हणून ती तिकडं चालली. आलता तिसऱ्या दिवशी वाटेतच गेली, नदीकाठी एका बाभळीखाली. मदन शेजारी बसून होता. जमीन खणायला तिच्यात ताकद नव्हती, म्हणून वाळूत हातानं खड्डा केला. कफनाला कापड नव्हतं. अंगावरच्या साडीचं निम्मं तिनं आधीच धान्यापायी दिलं होतं. तिनं काखेतला मनसादेवीचा पट सोडला आणि पोरीला त्यात गुंडाळलं. पुढं गावात हे कळलं तेव्हा मौलवींनी तिला अंगणात उभी करून विचारलं, "कफन पांढरं लागतं, एवढं ठाऊक नव्हतं? वर देवीची चित्रं!" ती म्हणाली, "माझ्याजवळ पांढरं काय होतं, मौलवीसाहेब? तुमच्याकडं आले असते तर दिलं असतंत?" मौलवी निघून गेले.

ती आणि मदन तमलुकच्या खिचडीवर तगून सोनाकुलीला परतली. नटवर पौषात आला. एक पाय सुजून लाकूड झालेला, पट नव्हते. मुलगी कुठं आहे ते त्यानं विचारलं नाही. मदनकडं पाहिलं, तिच्या रिकाम्या कडेकडं पाहिलं आणि उंबऱ्यावर बसला. त्यानंतर तो तीस वर्षं जगला, गायला, पण आलताचं नाव दोघांनी एकमेकांसमोर काढलं नाही.

फुफू पुन्हा काढायला लागली. राम काढला, सत्यपीर काढला, यमाच्या दरबारातल्या शिक्षा काढल्या. फक्त लहान मूल काढायची नाही. बाळकृष्णाचा पट कुणी मागितला की नटवर तो दुसऱ्या पटुआकडून करून घ्यायचा. लोकांना वाटायचं, नटवरला बाळकृष्ण जमत नाही.

तो वारला त्या वर्षी आमच्या गावचा एक मुलगा शहरातल्या संग्रहालयात जाऊन आला. म्हणाला, "नटवरचाचाचा पट काचेत लावलाय. बेहुलेचा. खाली नाव लिहिलंय." सगळ्या वस्तीला आनंद झाला. मदननं गूळ वाटला. फुफूनंही गुळाचा खडा तोंडात टाकला.

मी पंचविशीत विधवा होऊन माहेरी परतले होते. पुरुष वीटभट्टीवर, सायकल-रिक्षावर जायला लागले आणि पट बायकांच्या हातात आले. आता अवकळेची गोष्ट कुणी काढत नाही. रेघ मला फुफूनंच शिकवली. मी सोनाकुलीला तिच्याकडं रोज चालत जायचे. त्या दाराबद्दल ती कधी बोलली नाही आणि माझी काढायची हिंमत नव्हती. माझी आई आणि ती लग्नाकार्यात समोरासमोर यायच्या, पानसुपारी द्यायच्या-घ्यायच्या.

सत्तरी गाठता गाठता फुफूचे डोळे गेले. चूल, काजळी आणि बारीक रेघ यांनी खाल्ले ते. कुंचला सुटला. एका दुपारी मी म्हटलं, "फुफू, मी तुझा पट काढते. तुझ्या जन्माचा."

"माझा? मी काय बेहुला आहे?"

"बेहुलेला सगळे ओळखतात. तुला कोण ओळखतं?"

ती हसली. मग म्हणाली, "काढायचा तर सगळा काढ. अर्धा काढायचा असेल तर रंग वाया घालवू नकोस."

ती सांगायची, मी जुन्या कागदावर आखून घ्यायचे. बापाचा हात. बेहुलेचा डोळा. बाबू आणि दाराआडची ती. ही चौकट मी काढली तेव्हा ती म्हणाली, "नटवरचं तोंड ओशाळं काढ. तो तेव्हा ओशाळला नव्हता, पण आता असता तर ओशाळला असता." वादळ झालं. नटवर जाताना झाला. मग मी थांबले.

"पुढं?" ती म्हणाली.

"पुढं आमचं दार."

"हं."

"फुफू, त्या दिवशी आम्ही घरात होतो."

"ठाऊक आहे."

"तुला कसं ठाऊक?"

तिनं पायावरची गोधडी सारखी केली. "आलताला ऐकू आलं. मी वळले, दहा पावलं गेले असेन, ती कानात म्हणाली, 'आई, आत कुणीतरी खातंय.'"

मी कागद बाजूला ठेवला. रडायची सोय नव्हती, मी कोणत्या तोंडानं रडणार?

"मी तिला म्हटलं, नाही गं, उंदीर असतील. पण तिनं ते मनातून काढलं नाही. दुसऱ्या दिवशीही म्हणाली. 'उंदरांना कुणी दिलं?' म्हणाली." मग म्हणाली, "काढणार आहेस ना?"

"काढते."

"आलताला कशी काढशील? तू तिला नीट पाहिलं नव्हतंस."

"तू सांग."

तिनं सांगितलं. कपाळ रुंद, डाव्या भुवईत एक केस उभा, दात बारीक. लाल तळव्यांचं सगळ्यात शेवटी सांगितलं. एवढ्या वर्षांत एकदाही न काढलेली मुलगी तिनं मला बोलून बोलून काढायला लावली. मी ती चौकट दोन भागांत केली. डावीकडं दार आणि बाहेर तिघं. उजवीकडं घराचा आतला भाग, माझी आई डोळे मिटून, आणि फटीशी गाल फुगलेली मुलगी. ती मी.

बातमी वस्तीत फुटायला वेळ लागला नाही. पहिल्यांदा मदन आला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, बापाचा गळा थोडासा आलेला.

"टुनीदिदी, म्हणे बापाला खोटारडा काढलंस."

"खोटारडा नाही. 'मीच' म्हणाला एवढंच काढलंय."

"शहरात त्याचं नाव आहे. आमच्याकडं दुसरं आहे काय? ते पण पुसून टाक तू."

"तुझ्या आईचं नाव कुठंय, मदन?"

"आईनं कधी मागितलं का?" तो पटाकडं बघत होता. दाराच्या चौकटीवर त्याचा अंगठा थांबला. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. "हे ठेव," तो हळूच म्हणाला. "हे आठवतं मला. पण बापाची चौकट काप."

मी कापली नाही. त्यानं पंचांकडं तक्रार नेली आणि पंच म्हणाले, निकाल पट ऐकून देऊ. असा तो पट माझ्याच अंगणात पहिल्यांदा गायला गेला. फुफूला खाटेवर बसवून आणलं. माझी आई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. तिला मी आधी काही सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. भ्याले.

मी चौकटीमागून चौकट उलगडत गेले. म्हाताऱ्याच्या 'सुधारलेल्या' हातावर बायका हसल्या, बाबूच्या चौकटीवर पुरुषांनी माना खाली घातल्या. दाराशी आले तेव्हाही मी थांबले नाही. आई उठली. भिंत धरून आत गेली आणि दार लावून घेतलं. साऱ्या अंगणाला आडण्याचा आवाज ऐकू आला.

फुफूनं विचारलं, "कोण गेलं?"

मी पुढची चौकट उलगडली.

आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी ताट घेऊन गेले तेव्हा म्हणाली, "मी राक्षसीण वाटते का गं तुला?"

"नाही, आई."

"टोपल्यात जेवढं होतं तेवढ्यात तुम्ही तिघं जगणार होता. पाच झाले असते तर पाचही गेले असते. मी तेव्हाही हिशेब केला, रोज करते, रोज उत्तर तेच येतं." तिनं ताट ओढून घेतलं. "पुन्हा आली तर पुन्हा लावीन दार. जा, सांग तिला."

मी सांगितलं. न सांगून चाललं असतं, पण मला कुणाकडून तरी निकाल हवा होता.

फुफू म्हणाली, "बरोबर आहे तिचं. मीसुद्धा लावलं असतं." मग म्हणाली, "पण मी तिला माफ केलेलं नाही. तिला तेही सांग. दोन्ही सांग."

तेही सांगितलं. आईनं मान हलवली, जणू कुणी बाजारभाव सांगावा. पुढच्या लग्नात दोघींनी पुन्हा एकमेकींना पान दिलं.

पंचांचा निकाल असा आला, की पट खोटा नाही, पण तो गावात गायचा नाही. गेलेल्या माणसाची अब्रू आणि जिवंत बाईची, दोन्ही सांभाळायला हव्यात. मदननं तो मान्य केला. मीही केला.

फुफू त्याच वर्षी पौषात गेली. सकाळी चहा मागितला, तो येईपर्यंत संपली होती. कफनाचं पांढरं कापड मदननं स्वतः तमलुकहून आणलं, हवं त्याच्या दुप्पट. आई मयताला आली. बाकीच्या बायकांबरोबर बसली, रडली नाही, आणि सगळं आटोपल्यावर भांडी घासू लागली.

पट मी बाहेरगावी गाते. तो कमी चालतो. लोकांना रामाचा हवा असतो, नाहीतर साक्षरतेचा, त्याला सरकारी माणसं बोलावतात. परवा घाटालच्या जत्रेत मी तो उलगडला. पाच-सहा माणसं उभी होती, दाराच्या चौकटीपर्यंत दोनच उरली. त्यातली एक म्हातारी, माझ्या आईच्या वयाची. गाणं संपलं तरी ती हलेना. मला वाटलं काहीतरी घालील. तिनं काही घातलं नाही. वाकून ती गाल फुगलेल्या मुलीकडं बघत राहिली.

"आमच्याकडं नणंद आली होती," ती म्हणाली. "तिच्याबरोबर एकच होतं. मुलगा."

मी विचारलं, "मग काय केलंत, आई?"

ती काठी टेकत गर्दीत निघून गेली. मी पट गुंडाळला.